जखम दिसली नाही, म्हणून अत्याचार झाला नाही असे नव्हे

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका आदिवासी महिलेचा मृतदेह गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. तिच्यावर अत्याचार करून तिला मारले, असे बापाचे म्हणणे होते. शवविच्छेदन झाले, पण अत्याचार झाला की नाही याची तपासणी झालीच नाही, असा कुटुंबाचा आक्षेप होता. मग त्या बापाने लेकीवर अंत्यसंस्कार केले नाहीत. जमिनीत खड्डा खणला, मीठ आणले आणि तिचा देह मिठात ठेवला. एक-दोन दिवस नव्हे, सुमारे दीड महिना. अखेर सप्टेंबरमध्ये देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेऊन पुन्हा शवविच्छेदन करावे लागले.

त्या आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. पण ज्या बापाला कायद्याचे एक कलम पाठ नसेल, त्याला एक गोष्ट बरोबर कळली होती : शरीरावरचा पुरावा टिकला तर बोलता येईल, तो गेला तर कोणी ऐकणार नाही. मीठ आणण्याची वेळ कोणावर येऊ नये. ती येऊ नये म्हणून जिवंत बाईला पहिल्या काही तासांत काय मिळाले पाहिजे, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत हवे. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

मथुरा प्रकरण : दवाखान्याच्या कागदाने काय केले

आजचे कायदे समजून घ्यायचे तर पन्नास वर्षे मागे जावे लागते. २६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज, ज्याला वडसा असेही म्हणतात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी तिथल्या पोलीस ठाण्यात गेली होती. आईबाप लहानपणीच वारलेले, भावाबरोबर मजुरी करून जगणारी. एका घरगुती तक्रारीसाठी तिला आणि घरच्यांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले आणि तिला आत थांबवून घेतले. दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार झाली. डॉक्टरांच्या अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते.

तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री, जवळजवळ वीस तासांनी. डॉक्टरांनी लिहिले : अंगावर जखम नाही, आणि योनीत दोन बोटे सहज जातात. एवढ्या दोन ओळींवर तिचे नशीब ठरले. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय असल्याचे म्हटले आणि पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सांगून त्या न्यायालयाने शिक्षा दिली. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे संमती, असा त्या निकालाचा अर्थ होता.

विचार करा. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, दार बंद, समोर गणवेशातली माणसे आणि एक अनाथ मजूर मुलगी. तिने ओरडावे तरी कोणाला ऐकू जावे म्हणून? ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच समोर उभे होते.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० मध्ये देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस ठाण्यात किंवा अशाच ताब्यात झालेल्या बलात्काराला कडक शिक्षा आली. अशा खटल्यात बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे ठरले. सुनावणी बंद दाराआड आणि पीडितेचे नाव छापायला बंदी, हेही तेव्हाच आले. मथुरेला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण आज आपल्या मुलीबाळींना जे संरक्षण आहे, त्याचा पाया त्या आदिवासी मुलीने बोलण्याचे धाडस केले म्हणून घातला गेला.

शरीर गप्प का राहते?

मथुरेच्या अंगावर जखम नव्हती, याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे. जीवघेण्या भीतीत माणसाचे शरीर तीनपैकी एक करते : लढते, पळते किंवा गोठते. हातपाय हलत नाहीत, तोंडातून आवाज निघत नाही. हे ठरवून होत नाही, मेंदू ते आपोआप करतो. धमकी असेल, चाकू असेल, किंवा पोराला मारतो म्हटले असेल, तरी बाई झटापट करत नाही. बाळंतपणे झालेल्या किंवा विवाहित स्त्रीला आत जखम न होणे तर अगदी सामान्य आहे. लहानसहान खरचटणे दोन-चार दिवसांत भरून येते. म्हणून जखम सापडली तर तो पुरावा आहे; जखम न सापडणे हा कशाचाच पुरावा नाही.

पुढे गोष्टी मागेपुढे आठवणे, मध्येच काही न आठवणे, रडू न येता दगडासारखे बसून राहणे, हीसुद्धा आघाताची लक्षणे आहेत. ‘रडलीसुद्धा नाही, खोटं बोलत असेल’ असे वस्तीत कोणी म्हणाले, तर त्याला हे सांगा.

कायद्यानेही हे आता मान्य केले आहे. २०१३ पासून बलात्काराच्या व्याख्येतच लिहिले आहे की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हे स्पष्टीकरण कायम आहे. तिचे पूर्वीचे संबंध, तिचे चारित्र्य, हे विषय संमती ठरवताना आणता येत नाहीत. आणि तिची साक्ष विश्वास ठेवण्यासारखी असेल, तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमीत सिंग निकालात स्पष्ट केले आहे.

दोन बोटांची चाचणी बंद आहे

मथुरेच्या कागदावर जी चाचणी होती तिला ‘दोन बोटांची चाचणी’ म्हणतात. योनी सैल की घट्ट, हे बोटांनी पाहून बाई ‘सवयीची’ आहे की नाही ते लिहायचे. याला शास्त्रीय आधार नाही, आणि बलात्कार झाला की नाही याच्याशी त्याचा संबंधही नाही.

ही चाचणी बंद करण्याच्या लढ्यात विदर्भातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ती कशी अशास्त्रीय आहे यावर सविस्तर अहवाल तयार केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या सन्मानाचा आणि खासगीपणाचा भंग करते असे सांगितले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची नियमावली काढली, तीत ही चाचणी करू नये असे लिहिले आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले : जो कोणी ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल.

म्हणून तपासणीच्या वेळी कोणी असे करू लागले, तर ‘ही चाचणी बंद आहे, करू नका’ असे स्पष्ट सांगावे.

पहिल्या तासांत काय करावे

पटाचारेची कथा आपल्याला विहारात ऐकायला मिळते. सर्वस्व गमावलेली, भान हरपलेली, अंगावर वस्त्र नसलेली पटाचारा. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. कोणीतरी आपले वस्त्र तिच्याकडे टाकले. मग बोलणे झाले. क्रम लक्षात ठेवा : आधी जवळ घेणे, आधी पांघरूण, प्रश्न नंतर. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न तर कधीच नाही.

त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात :

१. शक्य असेल तर आंघोळ करू नये, अंग धुऊ नये. त्या वेळचे कपडे धुऊ नयेत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदात किंवा स्वच्छ कापडात गुंडाळावेत. प्लास्टिकच्या पिशवीत कपडे दमट राहून पुरावा खराब होतो.

२. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, दोन-चार दिवस गेले असतील, तरीही रुग्णालयात जावे. शरीरावरचे नमुने साधारण चार दिवसांपर्यंत (९६ तास) घेता येतात. त्यानंतरही उपचार आणि नोंद होतेच.

३. आधी पोलीस ठाणे की आधी रुग्णालय, असा प्रश्न पडला तर आधी रुग्णालय. बाई स्वतः चालत आली तरी तिची तपासणी आणि उपचार करायचे असतात. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असे म्हणणे चूक आहे.

४. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार पीडितेवर मोफत आणि तत्काळ उपचार केले पाहिजेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ हेच सांगते. उपचार नाकारणे हा न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

५. रुग्णालय पोलिसांना कळवते, तसा नियमच आहे. पण प्रौढ बाईने फिर्याद द्यायची की नाही, कोणती तपासणी करू द्यायची आणि कोणती नाही, हे तिचे तिने ठरवायचे. तपासणी नको म्हटले तरी उपचार थांबवता येत नाहीत. वय अठराच्या आत असेल तर पोक्सो कायदा लागतो. मग गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासातल्या माणसासमोर करायची असते.

कोणती औषधे मागून घ्यावीत

तपासणी म्हणजे फक्त पुरावा नव्हे. बाईचे शरीर वाचवणे हे पहिले काम. पुढची औषधे तिला मिळाली का, हे सोबत गेलेल्या माणसाने विचारावे.

गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी : जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो ७२ तासांत, पाच दिवसांपर्यंत काही उपयोग होतो.

एचआयव्हीपासून बचावाची औषधे : ७२ तासांच्या आत सुरू झालीच पाहिजेत आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. ७२ तास उलटल्यावर त्यांचा फायदा होत नाही. म्हणून ‘सकाळी बघू, परवा बाजाराच्या दिवशी जाऊ’ असे म्हणू नये.

धनुर्वाताचे इंजेक्शन, काविळीची (हिपॅटायटिस बी) लस, आणि गुप्तरोगाचा संसर्ग होऊ नये म्हणून औषधे.

पाळी चुकली तर लगेच तपासणी. बलात्कारातून गर्भ राहिला असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. गावठी उपाय, भगत, झाडपाला यांच्या मागे लागून जीव धोक्यात घालू नये.

आणि मनाचे औषध. झोप न येणे, दचकून उठणे, जीव नकोसा होणे, हे आठवडे-महिने चालू शकते. तिला एकटे सोडू नये, पण सारखे तेच तेच विचारूही नये. टेलिमानस १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

पोलीस ठाण्यात

मुक्ताईनगर तालुक्याच्या एका बाजूला मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा, दुसऱ्या बाजूला बुलढाणा. केळीच्या बागेत, कापूस वेचायला, वीटभट्टीवर सातपुड्यातली पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे येतात-जातात. ‘घटना आमच्या हद्दीत घडली नाही’ हे उत्तर म्हणून इथे हमखास मिळते. ते बेकायदा आहे. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. याला झिरो एफआयआर म्हणतात. नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवण्याचे काम पोलिसांचे. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये. अशा गुन्ह्याची नोंद करायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. डॉक्टरांचा अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे.

भाषेचा अडसर मोठा असतो. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईचे शब्द मराठीत उतरताना बदलतात, आणि पुढे न्यायालयात त्याच फरकावर बोट ठेवले जाते. तिची बोली समजणारी तिच्या विश्वासातली बाई सोबत न्यावी. जबाब तिला तिच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नये.

आदिवासी बहिणीला आणि आपल्यालाही अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातीत समावेश होतो. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर या कायद्याची कलमे लावायला सांगा. मग तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. बऱ्हाणपूरकडून आलेली आदिवासी मजूर बाई ‘इथली नाही’ म्हणून हा कायदा नाकारता येत नाही. त्याचे संरक्षण देशभर कुठेही मिळते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितले आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे बलात्काराच्या प्रकरणी पाच लाख आणि सामूहिक बलात्काराच्या प्रकरणी सव्वाआठ लाख रुपये मदत टप्प्याटप्प्याने मिळते. राज्याची मनोधैर्य योजना वेगळी आहे. तिच्यासाठी आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्यांचा क्रमांक १५१०० आहे.

पहिला कागद नीट झाला नाही तर

खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. शवविच्छेदनात हयगय झाली, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. पुढे खुनाची शिक्षा झाली, पण स्त्रियांवरच्या अत्याचाराचे आणि ॲट्रॉसिटीचे कलम न्यायालयात टिकले नाही. आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. पण सुरुवातीचे तास हातातून गेले की मोर्चा कितीही मोठा असला तरी ते परत येत नाहीत. वडसा, खैरलांजी, धडगाव : तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. तिन्हीकडे प्रश्न डॉक्टरांच्या पहिल्या कागदापाशी येऊन थांबला.

वस्तीत मिटवामिटवी नको

सगळ्यात मोठा अडथळा बहुतेक वेळा ठाण्यात नसतो, घराच्या ओट्यावर असतो. ‘पोरीचं लग्न व्हायचंय’, ‘मालकाकडेच काम करायचंय’, ‘पंच बसवून पैसे घेऊन मिटवा.’ हे आदिवासी पाड्यावर होते आणि आपल्या वस्तीतही होते, हे मान्य करू या. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. जातपंचायतीने बहिष्कार टाकला तर महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तोही गुन्हा आहे. आणि आरोपी आपल्याच वस्तीतला, आपल्याच नात्यातला असला, तरी नियम तोच. पंचशीलातले तिसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. ते दुसऱ्याच्या पोरासाठी नाही, आपल्या पोरासाठीही आहे.

प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने एवढे करावे. दोन बायका आणि एक गाडीवाला ठरवून ठेवावा, जे रात्री-अपरात्री सोबत जातील. विहाराच्या फळ्यावर चार क्रमांक लिहावेत : महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदतीसाठी १५१००. शेजारच्या पाड्यावरच्या आदिवासी बहिणींना आणि आशाताईला मंडळाच्या बैठकीला बोलवावे. आणि त्या बैठकीत एक आकडा सगळ्यांकडून पाठ करून घ्यावा : ७२ तास.

बाई म्हणाली ‘नको’, किंवा भीतीने काहीच म्हणाली नाही, तरी संमती नव्हती. हे सर्वोच्च न्यायालयाला समजायला वेळ लागला. आपल्या वस्तीला तेवढा वेळ लागू नये.

जयभीम.